आज्याचा तुंबा

आमच्या आज्याकडे पाण्याचा तुंबा होता. कडू भोपळा वेलावरच पिकू द्यायचा. तो वाळून आतल्या बिया खुळखुळू लागल्या की देठाशी भोक पाडायचे, पाणी भरून आतला गर कुजवायचा आणि बारीक खडे घालून हलवत हलवत सगळे बाहेर काढायचे. कडूपणा जाईपर्यंत रोज पाणी बदलायचे. गळ्याला अंबाडीची दोरी बांधली की झाला तुंबा. आज्याचा तुंबा हाताच्या घामाने मधाच्या रंगाचा झाला होता. तोंडाला मोहाच्या पानाची गुंडाळी बुच म्हणून असे.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की आजा पहाटे चारला तुमसरकडच्या आंबागडच्या पहाडीला निघे. एकदा हट्ट करून मीही गेलो. सत्तर पाने मोजून एक पुडा बांधायचा, उन्हे चढायच्या आत खाली उतरायचे. मी घोटामागून घोट घेऊ लागलो, तेव्हा तुंबा काढून घेत तो म्हणाला, "पानी जपून पी बाबू, पहाडीले इहीर नाही."

पुढे कळले, पहाडीवर विहीर आहे, किल्ल्यात. आंबागड 1700 च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या काळात बांधला गेला. नंतर नागपूरच्या भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पाजून मारत, असे सांगतात. पडक्या बुरुजापेक्षा मला ती विहीरच जास्त आठवते. तहानेने कासावीस झालेल्या माणसाला असे पाणी देणे, याहून मोठी क्रूरता मला सुचत नाही.

1999 च्या मे महिन्यात, आमचा जिल्हा तुटून गोंदिया नुकता वेगळा झाला होता तेव्हा, आम्ही तिघे मित्र किल्ल्यावरून धारेने पुढच्या शिखराकडे निघालो. आजा तेव्हा नव्हता. तुंबा घरी खुंटीला होता, आईने त्यात वालाचे बियाणे भरून ठेवले होते. आमच्याकडे प्लास्टिकच्या तीन बाटल्या होत्या. आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात, पण मे महिन्यात धारेवर त्या नावाचे काही उरत नाही. सालईची उघडी पांढरट खोडे, धावड्याच्या काटक्या, पायाखाली करकरणारा पाचोळा, आणि खडक असा तापलेला की हात टेकवत नाही. एका खिंडीत उतरून पुन्हा चढलो की पुढे तसेच दुसरे शिखर. सावली कुठेच नाही. दहाच्या आत बाटल्या रिकाम्या झाल्या. शेवटचे पाणी चहासारखे गरम होते. माझे ओठ फुटले, मग घाम यायचा थांबला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

खाली उतरताना पानतोडीच्या बाया भेटल्या. एकीने काही न विचारता तुंबा पुढे केला. गार पाणी! दुसऱ्या घोटानंतर तिने तो हळूच मागे घेतला. तिच्या मागे आणखी चौघी होत्या, आणि त्यांना अजून खूप पाने तोडायची होती. त्या दोन घोटांची चव अजून जिभेवर आहे.

तुंब्याचा हा भोपळा मूळचा आफ्रिकेतला. माणूस हजारो वर्षे त्याच्या कवचातून पाणी वाहून नेतो आहे, आणि तहानेचा हिशेब आजही तोच आहे.

गेल्या जानेवारीत मुलीला घेऊन तीच धार चालून आलो. वरून खाली मामा तलाव दिसत होते. कोहळी लोकांनी पार घालून अडवलेले हे माजी मालगुजारी तलाव, पहाडीवरून उतरणाऱ्या पाण्यावरच भरतात. धारेच्या अलीकडे पडलेला थेंब काय, पलीकडे पडलेला काय, जो अडला नाही तो शेवटी वैनगंगेला मिळतो. मे महिन्यात वर थेंब नसतो, पण ज्या धानाचा भात आम्ही खातो, त्याचे पाणी इथूनच गेलेले असते. मुलीने विचारले, "आज्याचा तुंबा कुठाय?" तो फुटून दहा वर्षे झाली. आईने मात्र त्या भोपळ्याचे बियाणे जपले होते.

यंदा परसातल्या मांडवावर तीन भोपळे धरले आहेत. दोन अजून हिरवे आहेत, एकाला पिवळेपणा येऊ लागला आहे.