आठ गडी, एक घर

वाचकहो, विलायतेत असलेला तुमचा मुलगा मित्रांसह स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला निघाला, तर त्याला एवढे कळवा. आठ जणांनी एकच घर भाड्याने घ्यावे. खर्च वाटला जातो. पण घर ठरवण्याआधी वार पाहावा. १७६४ साली १८ खळग्यांची रीत जिथे पडली, ते जुने मैदान रविवारी सहसा खेळाला बंद. गावकरी त्यावर फिरतात. इतर दिवशी आगाऊ वेळ न मिळाल्यास दोन दिवस आधी चिठ्ठ्या निघतात. एका वेळी चौघेच खेळतात. उरलेल्या चौघांसाठी शेजारचे मैदान राखावे. पाटाच्या पाण्यासारखी पाळी निघण्यापूर्वीच ठरवावी. मग घरात भांडण होत नाही.