बारा रंग आणि बाटलीभर पाणी

चित्र काढून पोट भरत नाही, हे आम्ही दोघांनीही लहानपणापासून ऐकत आलेलो. त्यात दहा बाय बाराची खोली आणि पाच माणसे. रंगाच्या बाटल्या, पाण्याचा पेला मांडायचा कुठे? म्हणून थोरलीने शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसायचे ठरवले, तेव्हा आनंद झाला आणि खर्चाची काळजीही वाटली.

तिच्या चित्रकलेच्या बाईंनी घरी सरावासाठी वॉटरकलर पेन्सिली सुचवल्या. दिसायला त्या साध्या रंगीत पेन्सिलींसारख्याच. पण साध्या पेन्सिलीचा रंग मेणात बांधलेला असतो, तो पाण्याला दाद देत नाही. या पेन्सिलींचा रंग पाण्यात विरघळतो. हलक्या हाताने रेघा ओढाव्यात, वरून ओला ब्रश फिरवावा, की रेघा पसरून रंग होतो. पिवळ्यावर निळ्या रेघा मारून पाणी लावले की हिरवा मिळतो. टोक ओले करून ओढले तर रेघ गडद उमटते. बारा रंगांची पेटी आम्हाला पुरली.

एका रविवारी पेटी, एक ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही नेरुळच्या पाणथळीवर गेलो. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीच्या परिसरात रोहित पक्षी येतात. या खाडीतल्या पक्ष्यांसाठी 2015 साली अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. रोज बसच्या खिडकीतून आम्ही हे पक्षी पाहायचो. थांबून कधी पाहिले नव्हते.

मुलीने गुलाबी पेन्सिल उचलली, आणि मग हातातच धरून ठेवली. थव्यातले काही पक्षी चक्क राखाडी होते. ती पिल्ले. खाद्यातल्या शेवाळातून व बारीक जीवांतून रंग अंगात उतरतो, त्याला काही वर्षे लागतात. मोठा रोहित तर बराचसा पांढराच. छोटा रोहित जास्त गुलाबी. पांढऱ्यासाठी तिने कागद तसाच कोरा सोडला. पक्षी नीट पाहायला आम्हाला त्या दिवशी मुलीने शिकवले.

संध्याकाळी घरी आजीने पेन्सिल मागितली. तिचे आयुष्य दगडखाणीत गेले. ब्रश कधी हाती धरलेला नाही. तिने गावाकडचे ज्वारीचे कणीस काढले, दाणा दाणा टिपून. पाणी लावल्यावर दाणे भरल्यासारखे दिसले, तेव्हा ती कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिली. चित्र काढून पोट भरते का, हा प्रश्न त्या रात्री घरात कुणी काढला नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुम्हीही करून पाहा. वहीचा पातळ कागद पाण्याने सुरकुततो, म्हणून जाड ड्रॉइंग पेपर घ्या. एका कागदाचे चार तुकडे पुरतात. पेन्सिल पाडू नका, आतले शिसे तुटते. टोक काढताना पडलेला रंगाचा चुरा झाकणात जपून ठेवा, दोन थेंब पाण्यात तोही उपयोगी पडतो. पेन्सिल आखूड झाली की जुन्या पेनाच्या टोपणात बसवा. आणि पेटी कपाटात कुलपात ठेवू नका. घरातल्या सगळ्यांचा हात पोहोचेल अशा जागी ठेवा.