पाऊस ऐकायचा तर

नवी मुंबईत पाऊस आधी दिसतो. पारसिकच्या डोंगरावरून करड्या सरी खाली उतरतात, खारघरला पांडवकडा पांढरा होऊन कोसळू लागतो, वाशीचा खाडीपूल पुसट होत जातो. पण मधल्या मजल्यावर राहणाऱ्याच्या कानापर्यंत यातले फार थोडे पोचते. त्याच्या डोक्यावर वरच्यांची फरशी असते, आणि चार-पाच इंचांचा स्लॅब थेंबांना दादच देत नाही.

पाऊस ऐकायचा तर डोक्यावर पातळ छप्पर हवे. गळती थांबवायला जुन्या इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. जोराची सर आली की मी जिना चढून तिच्याखाली जाऊन बसतो. पहिले टपोरे थेंब सुटे सुटे वाजतात. मग तडतड सुरू होते, आणि पाहता पाहता सगळ्या पत्र्याचा मिळून एकच घोष होतो. भुरभुर पावसाचा बारीक थेंब सेकंदाला जेमतेम दोन मीटर वेगाने उतरतो, तर मुसळधार सरीतला मोठा थेंब नऊ मीटरच्या आसपास वेगाने आदळतो. म्हणून जोर वाढला की पत्र्याचा सूरच बदलतो. त्या घोषात हॉर्न, लिफ्ट, शेजारचा टीव्ही बुडून जातात. दचकवणारे काही कानावर येत नाही, आणि दिवसभर सावध राहिलेले मन हळूहळू सैल पडते.

कौलांवरचा पाऊस याहून मृदू. भाजलेल्या मातीची, एकमेकांवर चढवलेली कौले थेंबाचा मार स्वतःत जिरवतात. खाली येतो तो फक्त खर्जातला सूर, आणि वळचणीला पागोळ्यांचा वेगळा ठेका. दिवाळे, करावे, घणसोली या गावठाणांतल्या आगरी-कोळ्यांच्या जुन्या घरांनी हा सूर पिढ्यानपिढ्या ऐकला. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, भातशेती आणि मिठागरांच्या जागी नोड म्हणजे आखीव वसाहती उभ्या राहिल्या, छपरे सपाट झाली. मात्र या शहराची कल्पना प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत मांडणाऱ्या चार्ल्स कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये १९८०च्या दशकात घरे बांधली, तेव्हा त्यांना उतरती कौलारू छपरे दिली. अंगणाभोवती सात बैठी घरे, म्हणजे एकच सर शेजारीपाजारी मिळून ऐकणार. पुढे तिथली बरीच घरे पाडून वर स्लॅब चढले. उरलेल्या कौलांवर आजही आषाढसरी वाजतात.

या आवाजामागे मे महिन्याचे कष्ट असतात. उन्हात छपरावर चढून घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, पन्हळीतला पाचोळा उपसायचा. इमारतीत हेच काम गच्चीच्या भेगा बुजवून आणि पत्र्याचे सैल झालेले हूक आवळून करतात. ज्याने हे केले, त्याला जूनमधली पहिली रात्र निवांत जाते. उड्डाणपुलाशेजारी ताडपत्रीखाली राहणाऱ्या मजुराच्या घरात तोच पाऊस पडतो, पण तिथे आई एका हाताने बाळ थोपटते आणि दुसऱ्या हाताने गळतीखालचे पातेले सरकवते. २६ जुलै २००५च्या पावसाने तर पक्क्या घरांतल्या माणसांनाही रात्रभर जागे ठेवले. तेव्हापासून जोराची सर आली की या भागातली कित्येक माणसे आधी रस्त्यावर पाणी कुठवर चढले ते पाहतात.

म्हणून छपरावरच्या पावसाचा गोडवा मला एकट्या पावसाचा वाटत नाही. त्यात ढगाचा वाटा अर्धा, छप्पर नीट राखणाऱ्या हातांचा अर्धा. नियोजन करून वसवलेले शहर म्हणून आपण नवी मुंबईचे कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. त्या कौतुकात माझ्या लेखी आणखी एक कसोटी हवी: भर आषाढात, मध्यरात्री, इथल्या किती घरांत माणसे पावसाचा आवाज ऐकत निर्धास्त झोपू शकतात?