ठासणीची बंदूक आणि तिचे कागद

प्रत्येक घरात गेलेल्या वस्तूंची एक यादी असते. ती कुठे लिहिलेली नसते; पण ईदच्या दिवशी चार नातेवाईक एकत्र बसले की तोंडपाठ म्हटली जाते. कुणाची खाडीकाठची जमीन गेलेली असते, कुणाचा तांब्याचा हंडा, कुणाच्या दादीच्या हातातल्या पाटल्या. आमच्या यादीत सर्वांत वर आहे ती दादांची ठासणीची बंदूक. आम्ही चार भावंडे. तिघे कोथरूडला राहतो, बहीण कुवेतला असते. आमच्यापैकी एकानेही ती बंदूक कधी उडवली नाही. तरीही तिचे नाव निघाले की चौघेही गप्प होतो.

आमचे मूळ गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. दादांकडे भाताची चार खाचरे आणि वर डोंगराला वरकस जमीन होती. रानडुकरांची एक टोळी एका रात्रीत वर्षाचे भात आडवे करून जायची. म्हणून पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी देशाला निःशस्त्र केले होते. परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नव्हती. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, त्यातही शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला पीकरक्षणासाठी वेगळी जागा ठेवली गेली. कोकणात असे परवाने सर्व जातींच्या घरांत होते. आमच्या घरातला परवाना पणजोबांच्या नावावर सुरू झाला, मग दादांच्या आणि 1968 मध्ये दादांचा इंतकाल झाल्यावर अब्बांच्या नावावर आला.

बंदूक भरणे हे एक निवांत काम होते. आधी नळी चिंध्यांनी पुसायची, मग मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. शेवटी घोडा मागे ओढून टोपी बसवायची. एक बार निघाला की दुसऱ्यासाठी हे सगळे पुन्हा. अशा हत्याराने माणूस भांडणात काय करणार? ती राखणीचीच बंदूक होती.

आता यातली गंमत अशी की, डुक्कर आमच्या घराला चालत नाही. त्यामुळे दादांनी मारलेले डुक्कर कुणबीवाडीतली माणसे येऊन उचलून नेत. बार आमचा, मटण त्यांचे. त्या बदल्यात लावणीच्या दिवसांत त्यांचे दोन जोत आमच्या खाचरात न बोलावता यायचे. हा करार कुणी केला नव्हता, मोडलाही नव्हता. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि परवानगीशिवाय शिकार बंद झाली. त्यानंतर बंदूक फक्त आवाजापुरती उरली. अब्बा छर्रे न भरता बार काढत आणि टोळी डोंगरात पळे.

मग 1993 साल आले. मुंबईचे दंगे झाले, 12 मार्चला बाँबस्फोट झाले. त्या स्फोटांतले सामान रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले होते, हे तपासात उघड झाले. शेखाडी श्रीवर्धन तालुक्यातली आणि श्रीवर्धन तालुका आमच्या खाडीच्या पलीकडचा. त्या दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावरचे प्रत्येक मुसलमान गाव मान खाली घालून चालत होते. अब्बा शाळामास्तर. त्यांच्या शाळेत सर्व वाड्यांची मुले. त्यांना कुणी अपशब्द बोलले नाही. फक्त चौकशीला आलेल्या एका माणसाने परवाना उलटसुलट पाहिला, तारखा बरोबर आहेत हे बघितले आणि जाताना म्हणाला, “मास्तर, आता हिची काय गरज?” साठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

1994 मध्ये अब्बा निवृत्त झाले आणि आमच्याकडे कोथरूडला आले. येण्याआधी त्यांनी ठाण्यात रीतसर कळवून बंदूक कुणबीवाडीतल्या एका परवानाधारक शेतकऱ्याला आठशे रुपयांना दिली. सोबत कापडात बांधलेले पणजोबांपासूनचे सगळे जुने परवानेही देऊन टाकले. “वस्तू गेली, मग कागद कशाला?” एवढेच बोलले. त्यांचा निर्णय चुकला असे आम्ही म्हणत नाही. बंद घरात बंदूक ठेवता येत नाही, आणि पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर पिकाची राखण कसली करायची? प्रश्न फक्त एवढाच की, ती गरज संपली म्हणून गेली की भीतीने गेली? दोन्ही कारणे एकाच वर्षी आली आणि अब्बांनी त्यातले एकच सांगितले.

कोथरूडला अब्बा चौदा वर्षे राहिले. दिवाळीत कर्वे रस्त्याच्या बाजूने फटाक्यांचे आवाज आले की ते गॅलरीत बसून दारूचा अंदाज करत. “यात माप कमी पडलं.” एकदा सुनेने विचारले, बंदुकीची आठवण येते का? म्हणाले, “बंदुकीची नाही, रानडुकरांची येते.”

हत्यारे विकली जातात, त्यात नवे काही नाही. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ 1549 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रूमी खानाने ओतली. पुढे ती विजापूरला गेली. 1854 मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला, तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची. ही किंमत फारच कमी आणि लोकांची तिच्यावर श्रद्धा, हे पाहून विक्री रद्द झाली, म्हणून ती आजही बुरुजावर आहे. आमच्या कोथरूडचेच उदाहरण घ्या. मस्तानीचा महाल इथे होता. तो इथे राहिला नाही. पण दिनकर केळकरांनी त्याचे अवशेष आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आज मस्तानी पाहायची तर कोथरूडहून बाजीराव रस्त्याला जावे लागते. तिचा मुलगा समशेरबहादर 1761 मध्ये पानिपतावर लढून कामी आला. त्याच मैदानावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. तोफांची नोंद राहिली, म्हणून माणसांची राहिली. आमच्या दादांसारख्यांची नोंद कुठल्या बखरीत असणार? ती त्या कापडातल्या कागदांवर होती.

हे आम्हांला डिसेंबर 2019 मध्ये कळले. त्या एकाच आठवड्यात संसदेत दोन विधेयके मंजूर झाली. एक शस्त्र कायद्यातील दुरुस्तीचे, ज्याने एका परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. दुसरे नागरिकत्वाचे. पहिल्याची आमच्या समाजात कुणी चर्चा केली नाही. दुसऱ्यानंतर घरोघर पेट्या उघडल्या गेल्या. जन्मदाखले, शाळेचे दाखले, सातबारे. आमच्या घरातही रात्री जमिनीवर कागद पसरले. तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, “परवाने असते तर?” पणजोबांचे नाव, बापाचे नाव, गाव, पीक, आणि खाली सरकारचा शिक्का: या माणसावर विश्वास आहे, याच्या हाती बंदूक द्यायला हरकत नाही. असा कागद आमच्याकडे दुसरा नव्हता. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो. माणूस कसा होता ते सांगत नाही.

पुढच्या वर्षी गावी गेलो तेव्हा कुणबीवाडीत गेलो. ते शेतकरीकाका वारले होते. मुलाने बसवले, कोकम सरबत दिले. बंदूक निवडणुकीच्या वेळी जमा केली होती, ती परत आणायला कुणी गेलेच नाही. शेती पड आहे, मुले मुंबईला. कागद? तो आत जाऊन बराच वेळ शोधत राहिला आणि रिकाम्या हाताने बाहेर आला. मग म्हणाला, “पण तुमच्या दादांच्या बंदुकीचा बार आमच्या आजीला ओळखू यायचा. ती म्हणायची, मियांचा बार झाला, आता झोपा.”

बहिणीला हे कुवेतला फोनवर सांगितले, तेव्हा ती रडली. आमची हळहळ लोखंडाची आणि लाकडाची कधीच नव्हती. एका घराच्या आवाजावर दुसरी वाडी निर्धास्त झोपत होती, त्या दिवसांची होती. वाचकांना एवढीच विनंती की, घरातली जुनी वस्तू द्यायची वेळ आली तर खुशाल द्यावी. पण तिचे कागद ठेवावेत आणि ती कुणाच्या कशा उपयोगी पडली हे पोरांना लिहून द्यावे. आम्ही हे लिहिले ते त्यासाठीच. बंदूक परत येणार नाही. मियांचा बार मात्र आता छापील कागदावर आला आहे.