अब्बांचा खोकला, मामूंचा डाग

मरहूम अब्बा पहाटे फज्रला उठले की आधी खोकला, मग वजू. तीस वर्षे विडी ओढणाऱ्याला खोकला असणारच, असे आम्ही धरून चाललो होतो. थुंकीत रक्त दिसले तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने गेले. सीटी स्कॅन झाला तोवर गाठ फुप्फुसाबाहेर पसरली होती. "आता ऑपरेशनचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. मी बीएड झालेली, मुलांना आरोग्याचे धडे देणारी. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते का, एवढेही मी विचारले नव्हते.

तीन वर्षांनी नळदुर्गचे मामू मोटारसायकलवरून पडले. बरगडीसाठी काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर छोटा डाग दिसला. खोकला नाही, दुखणे नाही. सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पण गाठ जेमतेम दोन सेंटीमीटरची होती आणि पेट स्कॅनमध्ये ती कुठे पसरलेली दिसली नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले.

घरात गोंधळ उडाला. खाला म्हणाल्या, "चाकू लागला, हवा लागली की कॅन्सर पसरतो." मी त्यांना समजावले, की पूर्वी बरेच रोगी उशिरा यायचे, छाती उघडेपर्यंत रोग आधीच पसरलेला असायचा, दोष मात्र चाकूला लागायचा.

मामूंना मी पाटीवर फुप्फुसे काढून दाखवली. उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोन. गाठ असलेला एक खंड आणि त्याजवळच्या लसिका गाठी काढतात. उरलेल्या चार खंडांवर माणूस श्वास घेतो. म्हणून आधी श्वासाची आणि हृदयाची क्षमता तपासतात. मामू हसले, "म्हणजे पाच खणांच्या घरातला एक खण काढायचा. घर पडत नाही म्हण की!"

त्यांना मी अमेरिकेतल्या डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांची हकीकतही सांगितली. 1933 मध्ये त्यांनी कॅन्सर झालेल्या एका डॉक्टरचे अख्खे फुप्फुस काढले. तो रोगी पुढे अनेक वर्षे जगला. सिगारेट ओढणारे ग्रॅहम स्वतः मात्र 1957 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. मामूंनी त्याच दिवशी विडीचे बंडल चुलीत टाकले.

मुंबईत ऑपरेशन झाले. छातीत नळी, तीन गोळ्यांच्या यंत्रात फुंकर ओढण्याचा व्यायाम. पहिले आठ दिवस अवघड गेले. काढलेल्या लसिका गाठींत रोग नव्हता, म्हणून केमोची गरज पडली नाही. तरी रोग उलटू शकतो. ठरलेल्या तारखेला सीटी चुकवायचा नाही. जिना चढताना मामूंना दम लागतो, पण अल्हम्दुलिल्लाह, जुम्याला चालत जातात.

प्रत्येकाला ऑपरेशन लागू पडत नाही. गाठीचा प्रकार, ती कुठवर पोचली आहे आणि रोग्याची ताकद पाहून डॉक्टर ठरवतात. ज्यांना भूल झेपत नाही, त्यांच्या छोट्या गाठीवर नेमका किरणोपचार करता येतो.

वाचक बहिणींनो, भावांनो, दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या. टीबीचे जंतू सापडत नसतील, गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर सीटीबद्दल विचारा. आपल्या शेजारी बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशनेही येतात. दुआ करूच, पण दुआ करता करता चार महिने घालवू नका. आम्ही ते घालवले.