खूण आधी, मजकूर नंतर

घटनाक्रम आणि निवेदनक्रम हे एक नसतात, हे वर्गात सांगताना आम्ही आजवर कादंबऱ्यांचेच दाखले देत आलो. यंदाच्या पावसाळ्यात रत्नागिरीत बसून लिनक्सच्या मेमरी बॅरियरवरचा दस्तऐवज वाचला, आणि या भेदाची याहून कठोर बाजू समोर आली.

संगणकाचा पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा उजळतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. ग्राफिक्स प्रोसेसर एखाद्या कामात अडकला, की त्याचा ड्रायव्हर त्याला रीसेट करतो. विंडोजमध्ये ही सोय व्हिस्टापासून (२००७) आहे. वाट पाहण्याची मूळ मुदत २ सेकंद. वरवर पाहता हे बंद करून चालू करणे. खरी मेख पुढे आहे. ड्रायव्हर कामाच्या रांगेचे तक्ते नव्याने मांडतो आणि मगच 'यंत्र तयार' अशी खूण लिहितो. पण प्रोसेसरचे लेखन वाटेत बफरांत, कॅशमध्ये रेंगाळते. एआरएम घडणीच्या यंत्रांत दोन ठिकाणची लेखने दुसऱ्या कोअरला उलट क्रमाने दिसू शकतात. खूण आधी, तक्ते नंतर.

आमच्याकडच्या आंबा बागायतदाराला हे पटकन उमगेल. पेट्या अजून हातखंब्याला, आणि 'माल आला' हा निरोप मात्र वाशीच्या बाजारात! निरोप खोटा नव्हे. फक्त मालाच्या आधी पोचलेला. इथेही खूण पाहून दुसरा कोअर नवे काम धाडतो, जुन्याच तक्त्यांच्या भरवशावर.

कॅशची सुसंगती इथे पुरत नाही. ती एकाच जागेपुरती हमी देते. दोन जागांमधल्या क्रमाविषयी मौन बाळगते. त्यासाठी मध्ये बॅरियर घालावा लागतो, आणि तोही जोडीने: एक लिहिणाऱ्याकडे, एक वाचणाऱ्याकडे. लेखकाने एकट्याने शिस्त पाळून भागत नाही, हे वाचून आम्ही थबकलोच. जिथे ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य प्रोसेसरच्या कॅशमध्ये डोकावू शकत नाही, तिथे तर कॅशमधला मजकूर मुद्दाम मेमरीत उतरवावा लागतो.

इंटेल घडणीच्या प्रोसेसरांत साध्या मेमरीतली लेखने सहसा क्रमानेच दिसतात. म्हणून बॅरियर विसरलेला ड्रायव्हर तिथे वर्षानुवर्षे निर्दोष ठरतो, आणि एआरएमवर हजारातून एखाद्या वेळी कोसळतो. मागे पुरावा उरत नाही. म्हणूनच की काय, बॅरियरशेजारी तो का घातला याची टीप नसेल, तर लिनक्सचे तपासणी-साधन लेखकाला हटकते.