हाताची ओळख

दिवाळी सरली की आमच्या लोहारा-उमरगा भागात गल्लीबोळांतून कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. डोळे उघडले, जरा चालायला लागलं की पिल्लू उचलून सदऱ्यात लपवून घरी आणायचं, ही इथल्या पोरांची रीत. आमच्याकडचं तांबूस पिल्लू मात्र दोन महिने आईजवळ राहिलं आणि येळवसेला शेतात गेलो तेव्हा शेजारच्या वस्तीवरून घरी आलं.

त्या दोन महिन्यांचं मोल मोठं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लाला दुधाचे दात येतात, सगळे मिळून 28, बाभळीच्या काट्यांसारखे. त्या दातांनी ते भावंडांना चावतं. फार जोरात लागलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडून बाजूला होतं. पुन्हा खेळायचं तर जबडा किती आवळावा हे उमगावं लागतं. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली आहे. गावात पिल्लू विकत कोण घेतो? पण वेळेआधी आईपासून तोडण्याचं नुकसान गल्लीतल्या पिल्लाचंही तेवढंच होतं.

एवढं शिकूनही ते चावतंच. पिल्लाला हात नसतात, सगळं तोंडानंच चाचपावं लागतं. हलणारी बोटं, लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, काहीच सुटत नाही. शेजारचे काका म्हणाले, "नाकावर एक ठिवून द्या. मारल्याबिगर कळतंय व्हय त्येला?" कळतं, पण काय कळतं? हात जवळ आला की दुखतं, एवढंच. पुढं कधी एखादं लेकरू गोंजारायला हात लांबवतं, तेव्हा ते कुत्रं दात लावतं आणि आपण म्हणतो, कुत्रं वंगाळ निघालं. या कोवळ्या महिन्यांत पिल्लाला आपण खरं तर माणसाच्या हाताची ओळख करून देत असतो. बाकी सगळं शिकवणं त्यामागून येतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून दात लागला की मी बोट झटकत नाही. झटकलेलं बोट त्याला पळणारं सावज वाटतं. हात सैल सोडायचा, खेळ तिथंच थांबवायचा, उठून पाठ फिरवायची. थोड्या वेळानं जुन्या कापडाची गाठ मारलेली चिंधी पुढं करायची. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकानं ओरडायचं आणि दुसऱ्यानं हसत चावू द्यायचं, तर पिल्लानं शिकावं काय? संध्याकाळी ते फारच चवताळलं, तर बहुतेक वेळा त्याची झोप झालेली नसते. पिल्लाला दिवसाकाठी 18 ते 20 तास झोप लागते आणि घरातली पोरं त्याला झोपू देत नाहीत.

रक्त निघालं तर मात्र हयगय नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा, पिल्लू घरचं असलं तरी. त्याला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात मिळते. हा रोग एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. अजूनही कुणी जखमेत मिरचीपूड भरल्याचं ऐकलं की काळजात धस्स होतं.

शी-शूचा प्रश्न पायाखालच्या जमिनीशी जोडलेला आहे. आमचं माळवदाचं घर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात गेलं. तिथं ढाळजेपासून अंगणापर्यंत सारवलेली माती होती आणि कुत्रं उंबऱ्याबाहेर बसायचं. पुनर्वसनातल्या घरात फरशी आली, आणि हळूहळू कुत्रंही आत आलं. पिल्लू तळव्यांना काय लागतं त्यावरून जागा ठरवतं. वस्तीवर वाढलेल्या आमच्या पिल्लाला माती ओळखीची होती. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की त्याला लिंबाखाली न्यायचं, रोज त्याच जागी, आणि झाल्याबरोबर तिथंच शाबासकी द्यायची. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडं धरवत नाही, तेव्हा रात्रीही उठावं लागतं. घरात झालं तर त्यात नाक घासायची जुनी पद्धत आहे. मघाची शू आणि आताची शिक्षा यांचा मेळ पिल्लाला लागत नाही. ते पुढच्या वेळी नजर चुकवून कणगीमागं जातं. लोक याला लबाडी म्हणतात. ती भीती असते.

आमच्याच जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आहे. देव एकच, देवळं दोन. वर्षातला काही काळ तो इथं, काही काळ तिथं. खंडोबासोबत कुत्रं असतं, आणि वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात. त्या कुत्र्याला हात जोडणाऱ्यांनीच दारातल्या पिल्लाला 'हाड' म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं. कुत्र्याचं इमान आपण जन्मजात धरून चालतो आणि त्यासाठी करायची मेहनत टाळतो.

आता पिल्लू चार महिने ओलांडून गेलंय. पक्के 42 दात यायला लागलेत, हिरड्या शिवशिवतात आणि चावणं पुन्हा वाढलंय. ओली, गार चिंधी दिली की थोडा वेळ निभतं. काकांना पुढच्या वेताचं पिल्लू हवंय. दोन महिने भरल्याशिवाय देऊ नका, असं मी वस्तीवर सांगून ठेवलंय. काका याला कबूल आहेत. चापटीवरून मात्र ओट्यावर आमचा वाद रोज चालतो.